भयाची घडण आणि भयाचा ऱ्हास : अमेरिकेतील कायोटी व मानवी वस्ती यांच्या संबंधांचा इतिहास (१९१५–२०२१)

प्रस्तावना

वन्य प्राणी माणसाला भितात, हे विधान सहसा एखाद्या निसर्गनियमासारखे केले जाते. माणसाची चाहूल लागताच झुडपात नाहीसा होणारा प्राणी स्वाभाविक आणि भरदिवसा रस्त्याच्या मधोमध उभा राहून माणसाकडे रोखून पाहणारा प्राणी बिघडलेला, अशी विभागणी त्यामागे असते. परंतु भय हीदेखील इतिहासात घडणारी गोष्ट आहे. ते कोणी घडविले, कोणत्या साधनांनी घडविले आणि ते कोठे व का ओसरले, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचे आहेत. उत्तर अमेरिकेतील कायोटी या प्राण्याच्या संदर्भात त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी देता येतात. कारण तेथे भय निर्माण करण्याचे काम सरकारी खात्याने, अंदाजपत्रकातील तरतुदीने आणि प्रयोगशाळेच्या साहाय्याने पार पाडले. प्रस्तुत लेखात या भयाच्या घडणीचा, उपनगरांत झालेल्या त्याच्या ऱ्हासाचा आणि ते पुन्हा निर्माण करण्याच्या अलीकडील प्रयत्नांचा मागोवा घेतला आहे.

कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ अशी कायोटीची साधारण कल्पना मराठी वाचकास करता येईल. पश्चिमेकडील कायोटीचे वजन बहुधा १० ते १६ किलोच्या दरम्यान असते. पूर्वेकडे लांडगा व कुत्रा यांच्याशी संकर झाल्याने तो अधिक मोठा आढळतो. हे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’ या शब्दावरून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आले. आज मेक्सिको शहरात सामावून गेलेल्या कोयोआकान या जुन्या वस्तीच्या नावाचा अर्थच कायोटींचे ठिकाण असा आहे. म्हणजे मानवी वस्तीशेजारी कायोटी असणे ही विसाव्या शतकातील नवलाई नव्हे. १८०४ साली लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेने त्याची ‘प्रेअरीतील लांडगा’ अशी नोंद केली आणि १८२३ मध्ये थॉमस से या निसर्गअभ्यासकाने त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे शास्त्रीय नाव दिले. एकोणिसाव्या शतकातील मैदानी प्रदेशाच्या प्रवासवर्णनांत हा प्राणी गव्यांची शिकार करणाऱ्यांच्या मुक्कामांभोवती घुटमळताना, उरल्यासुरल्या मांसावर टपून बसलेला दिसतो. तो सावध होता. परंतु पुढील काळात ज्याला त्याची ‘नैसर्गिक’ भीती म्हटले गेले, ती त्या वर्णनांत शोधूनही फारशी सापडत नाही.

सरकारी खात्याने घडविलेले भय

पश्चिमेकडील कुरणांवर मेंढीपालनाचा व्यवसाय विस्तारला, गवे जवळजवळ नाहीसे झाले आणि शिकारी प्राण्यांनी मेंढ्यांकडे मोर्चा वळविला. प्रारंभी मेंढपाळांच्या संघटना व राज्य सरकारे मारलेल्या प्राण्यामागे बक्षीस देत असत. १९१५ साली अमेरिकन काँग्रेसने या कामासाठी जीवशास्त्रीय सर्वेक्षण विभागाला १,२५,००० डॉलर मंजूर केले आणि शिकारी प्राण्यांचा नाश हे केंद्र सरकारचे पगारी काम झाले. १९२० मध्ये आल्बुकर्क येथे निर्मूलनाच्या पद्धती शोधणारी प्रयोगशाळा स्थापन झाली व पुढील वर्षी ती डेन्व्हरला हलविण्यात आली. विषाची मात्रा किती असावी, ते कोणत्या आमिषात घालावे, प्राण्याला चव कळू नये म्हणून काय करावे, हे तेथील संशोधनाचे विषय होते. २ मार्च १९३१ च्या कायद्याने या कार्यक्रमास दहा वर्षांसाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतची मान्यता दिली. स्ट्रिकनिन, थॅलियम, सायनाइड उडविणारी नळी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आलेले ‘१०८०’ या क्रमांकाने ओळखले जाणारे विष, अशी या युद्धाची शस्त्रे होती. युद्ध हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. खात्याची स्वतःची भाषाही त्याहून फार वेगळी नव्हती.

या मोहिमेत लांडगा हरला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील मूळचे अखेरचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. कायोटी मात्र हरला नाही. उलट लांडगा हटल्याने त्याला मोकळे रान मिळाले. या विरोधाभासाची जाण शास्त्रज्ञांना लवकर आली होती. अ‍ॅडॉल्फ म्यूरी यांनी यलोस्टोनमध्ये कायोटीच्या विष्ठेचे पाच हजारांहून अधिक नमुने तपासले आणि १९४० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, उद्यानातील मोठ्या तृणभक्षक प्राण्यांच्या संख्येवर कायोटीचा प्रभाव नगण्य असल्याचे दाखविले. खात्याच्या धोरणावर त्याचा परिणाम फारसा झाला नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉनोली व लाँगहर्स्ट यांनी मांडलेले गणित अधिक बोलके आहे. दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले, तरी ते नामशेष होण्यास ५० वर्षांहून अधिक काळ लागेल, असे त्यांच्या प्रतिमानातून निघाले. संख्या घटली की उरलेल्या माद्यांना अन्न मुबलक मिळते, पिले अधिक जगतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरचे कायोटी येतात.

मग या अर्धशतकी मोहिमेतून साध्य काय झाले? मेंढ्यांचे रक्षण काही प्रमाणात झाले असेल. त्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. परंतु एक परिणाम निश्चित झाला असे मानावयास जागा आहे. दिवसा उघड्यावर फिरणारा, माणसाचा वास असलेल्या गोष्टीला तोंड लावणारा कायोटी आधी मेला. जो रात्री फिरला, दुरून वाट बदलून गेला, तो जगला आणि त्याने आपली सावधगिरी पिलांना शिकविली. विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकन माणसाला परिचित असलेला लाजरा, क्वचितच दृष्टीस पडणारा कायोटी हा अशा रीतीने निदान अंशतः सरकारी खर्चाने तयार झालेला प्राणी होता.

८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने केंद्राच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांविरुद्ध विषाचा वापर थांबला. पुढे त्यातील काही विषे मर्यादित स्वरूपात परतली आणि कृषी खात्याच्या अखत्यारीतील यंत्रणा २०१० च्या दशकातही वर्षाला साधारण साठ ते सत्तर हजार कायोटी मारीत होती. म्हणजे ग्रामीण पश्चिमेत भयाचा पुरवठा बंद पडला नाही. तो बंद पडला तो अन्यत्र.

डोंगरउतारावरील घरे

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसभोवतीची उपनगरे सॅन गॅब्रिएल, व्हर्डुगो व सांता मोनिका या डोंगररांगांच्या उतारांवर चढत गेली. खुरट्या झुडपांच्या कोरड्या टेकड्यांवर पाणी दिलेली हिरवळ आली, फळझाडे आली, उंदीर व ससे आले. परसदारी कुत्र्यामांजरांसाठी भरून ठेवलेल्या थाळ्या आल्या आणि रात्री कचऱ्याची पिंपे आली. कायोटीला याहून अधिक काय हवे होते? शिवाय नगरपालिकेच्या हद्दीत बंदूक चालविण्यास मनाई होती. ज्या पिढीने मेंढ्या राखल्या नव्हत्या, तिच्या लेखी कायोटी हा शत्रू नव्हता. तो खिडकीतून दिसणारा निसर्ग होता आणि काही घरांतून त्याला हौसेने मांसाचे तुकडे घातले जात. या घरांना दोष देणे सोपे आहे. तथापि, शतकभराच्या विषप्रयोगानंतर एखाद्या प्राण्याकडे प्रथमच स्नेहाने पाहिले गेले असेल, तर त्या दृष्टीला केवळ मूर्खपणा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस परगण्यात कायोटीने माणसांवर धावून गेल्याच्या घटना नोंदल्या जाऊ लागल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये ग्लेंडेल येथे तीन वर्षांच्या एका मुलीवर तिच्या घरासमोरच कायोटीने हल्ला केला. वडिलांनी धाव घेऊन तिला सोडविले. परंतु ती रुग्णालयात मरण पावली. कायोटीमुळे मानवी मृत्यू झाल्याची अमेरिकेतील ही एकमेव नोंद आजही आहे. त्यानंतर परगण्याने त्या परिसरात सापळे लावले. घरापासून अर्ध्या मैलाच्या आत ८० दिवसांत ५५ कायोटी पकडून मारण्यात आले.

हा आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. एवढ्या लहानशा क्षेत्रात रानात जेवढे कायोटी पोसले जाणे शक्य नव्हते, तेवढे तेथे होते. म्हणजे त्यांना पोसणारी व्यवस्था माणसाचीच होती. शिवाय ते कोठे आहेत हे रहिवाशांना ठाऊक होते. ते रोज दिसत होते आणि दिसण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली होती.

सात पायऱ्यांचा सिद्धान्त

ग्लेंडेलनंतर कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी घटनांची पद्धतशीर नोंद सुरू केली. रॉबर्ट टिम, रेक्स बेकर व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली मांडलेल्या निबंधात राज्यातील ८९ हल्ल्यांचा आढावा आहे. त्यांचे महत्त्वाचे योगदान म्हणजे हल्ला अचानक होत नाही, हे त्यांनी दाखविले. प्रथम रात्री गल्ल्यांत व अंगणांत कायोटी अधिक दिसू लागतात. नंतर रात्री पाळीव प्राणी नाहीसे होतात. मग पहाटे व सायंकाळी उजेडात कायोटी दिसतात. पुढे भरदिवसा पाळीव प्राण्यांवर झडप पडते. त्यानंतर साखळीला बांधलेल्या, मालकाजवळच्या कुत्र्यावर हल्ला होतो आणि धावणाऱ्या किंवा सायकलस्वार माणसाचा पाठलाग होतो. मग मुलांच्या खेळण्याच्या जागी ते दुपारी वावरतात. आणि शेवटी प्रौढ माणसावर दात विचकले जातात. प्रत्येक पायरीवर कायोटी जणू एक प्रश्न विचारतो आणि माणूस काहीच करीत नाही, हे त्याला मिळालेले उत्तर असते.

या मांडणीचा व्यवहारात मोठा उपयोग झाला. कोणत्या पायरीवर सावध व्हावयाचे हे नगरपालिकांना कळले. मात्र तिच्यामागे एक गृहीतक होते : कायोटी निर्भय होतो तो मुख्यतः माणसाने दिलेल्या अन्नामुळे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या परसदारात हे गृहीतक खरे ठरत होते. इतरत्र ते तितकेसे बसत नव्हते. शिकागो परिसरात स्टॅन्ली गेर्ट यांच्या नेतृत्वाखाली २००० सालापासून चाललेल्या अभ्यासात शहरी कायोटीच्या विष्ठेत उंदीरवर्गीय प्राणी, हरिण, ससे व फळे यांचे अवशेष प्रामुख्याने आढळले. माणसाच्या अन्नाचे प्रमाण सुमारे २ टक्केच निघाले. एप्रिल २००७ मध्ये शिकागोच्या मध्यवर्ती भागातील एका सँडविचच्या दुकानात शिरून शीतपेयांच्या कपाटात शांतपणे पडून राहिलेल्या कायोटीची बातमी जगभर गेली; परंतु या शहरात हजारो कायोटी असूनही माणसाला चावा घेतल्याची घटना जानेवारी २०२० पर्यंत चर्चेत आली नव्हती. म्हणजे माणसाजवळ राहणे आणि माणसावर उलटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रमाणाचे भान येथे सुटू नये. व्हाइट व गेर्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९६० ते २००६ या काळात अमेरिका व कॅनडा मिळून १४२ घटनांत १५९ व्यक्तींवर हल्ले झाल्याचे आढळले. त्यांपैकी सुमारे ३० टक्के घटनांत जवळपास खाऊ घालण्याचा प्रकार घडलेला होता. अमेरिकेत पाळीव कुत्री दरवर्षी सुमारे ४५ लाख वेळा माणसांना चावतात, असा अंदाज त्याच देशात केला जातो. कुत्र्याच्या चाव्याची बातमी होत नाही, कायोटीच्या होते. ज्या घरातील मूल गेले, त्या घराला अर्थात या तुलनेचा काहीही उपयोग नाही.

केप ब्रेटनचा अपवाद

ऑक्टोबर २००९ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यानात पायवाटेवरून एकटी चाललेली १९ वर्षांची एक तरुण गायिका कायोटींच्या हल्ल्यात मरण पावली. कायोटीने प्रौढ व्यक्तीचा जीव घेतल्याची ही पहिलीच नोंद होती. प्रतिक्रिया अपेक्षित अशीच उमटली. प्रांतिक सरकारने २०१० मध्ये प्रत्येक कातड्यामागे २० डॉलरचे प्रोत्साहन जाहीर केले. शंभर वर्षांपूर्वीचा बक्षिसाचा उपाय नव्या नावाने परतला. पर्यटकांनी खाऊ घातल्यामुळे हे कायोटी धीट झाले असावेत, हा तर्कही सर्वत्र मान्य झाला.

तेरा वर्षांनी हा तर्क टिकला नाही. गेर्ट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, हल्ल्याशी संबंधित व परिसरातील इतर कायोटींच्या मिशांच्या केसांतील समस्थानिकांवरून त्यांचा आहार काढण्यात आला. त्यांत माणसाच्या अन्नाचा मागमूस जवळजवळ नव्हता. ते मुख्यतः मूसवर, म्हणजे उत्तरेकडील अवाढव्य सांबरासारख्या हरणावर, जगत होते. लहान भक्ष्य दुर्मिळ असलेल्या त्या कठोर प्रदेशात एवढे मोठे जनावर पाडण्यास सरावलेल्या या कायोटींना माणूस आकाराने अशक्य वाटला नसावा. आणि उद्यानात शिकारबंदी असल्याने माणसाला भिण्याचे कारणही त्यांना कोणी दिलेले नव्हते.

कॅलिफोर्नियाचा सिद्धान्त त्यामुळे खोटा ठरत नाही. तो स्थानिक ठरतो. निर्भयतेचा मार्ग एक नसून अनेक आहेत आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या गावाचे उत्तर लावण्याची घाई प्रशासनाला महाग पडते.

स्थलांतराचा भ्रम

मारण्यास विरोध वाढला तसतशी प्राणी पकडून दूर सोडावा ही मागणी पुढे आली. कनवाळू नागरिकाला हा उपाय नेहमीच आवडतो. कॅलिफोर्नियात पकडलेला कायोटी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या परवानगीवाचून अन्यत्र सोडता येत नाही आणि ही परवानगी सहसा मिळत नाही. शिकागोच्या अभ्यासात हलविलेले कायोटी सोडल्या जागी टिकले नाहीत, असे आढळले. या मुद्द्यावर महाराष्ट्राचा अनुभव अधिक कठोर आहे. जुन्नर वनविभागात २००१ नंतर बिबटे पकडून दूर सोडण्याचा मोठा कार्यक्रम झाला. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. कार्यक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. बिबट्या आणि कायोटी यांच्या बळात व स्वभावात तुलना नाही. तरीही ओळखीचा मुलूख व ओळखीची माणसे हिरावलेला प्राणी अनोळखी वस्तीत कसा वागेल, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

भय पुन्हा शिकविणे

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून अनेक शहरांनी तिसरा मार्ग स्वीकारला, तो म्हणजे नागरिकांनीच कायोटीला पिटाळणे. व्हँकुव्हरमध्ये २००१ साली कायोटीसह सहजीवनाचा कार्यक्रम सुरू झाला. डेन्व्हर व परिसरात स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. कायोटी दिसताच पाठ फिरवून पळू नये, हात उंचावून मोठे दिसावे, ओरडावे, भांडी वा नाणी भरलेला डबा वाजवावा, पाण्याचा फवारा मारावा आणि तो दृष्टीआड होईपर्यंत थांबू नये, असे हे शिक्षण आहे. माचाणावर बसून डबे वाजवीत, हाळी देत, गोफण फिरवीत रात्री जागविणाऱ्या शेतराख्याला यात शिकण्यासारखे काही नाही. अमेरिकन उपनगराला मात्र ते पुस्तिका छापून शिकवावे लागले.

या उपायाचे मूल्यमापन संमिश्र आहे. डेन्व्हर परिसरातील अनुभवावर आधारित, ब्रेक व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, नागरिकांच्या सामूहिक पिटाळण्याने आधीच आक्रमक झालेल्या कायोटीचा तातडीचा धोका दूर होत नाही आणि अशा वेळी विशिष्ट प्राणी निवडून मारणे परिणामकारक ठरते, असे दिसून आले. हा निष्कर्ष प्राणिप्रेमी संस्थांना रुचला नाही. तथापि, त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पिटाळणे हे पहिल्या पायरीचे औषध आहे; सहाव्या पायरीवर ते देऊन ते गुणकारी नाही असे म्हणता येत नाही. तसेच पुढच्या पायऱ्यांवर मारणे अटळ होते हे मान्य केले, तरी खालच्या पायऱ्यांवर गप्प बसलेल्या मोहल्ल्याची जबाबदारी त्या मारण्यातून नाहीशी होत नाही.

सवय किती लवकर घडते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तोफर शेल व सहकाऱ्यांच्या प्रयोगाने दाखविले. युटा राज्यातील मिलव्हिल येथील केंद्रात कायोटीच्या आठ जोड्यांना त्यांच्या आवाराच्या दाराजवळ अन्न टाकण्यात आले आणि एक संशोधक तेथेच बसून राहिला. पहिल्या विणीच्या वेळी आईबाप बिचकत होते आणि पिलेही बिचकली. दुसऱ्या विणीपर्यंत आईबापांना सवय झाली होती; ते माणसासमोर खात आणि त्यांचे पाहून पिलेही धीटपणे पुढे येत. एका विणीचे अंतर पुरले. मिलव्हिलचे हे केंद्र अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ज्या वन्यजीव संशोधन संस्थेचे आहे, ती आपली परंपरा १९२० च्या आल्बुकर्क येथील विषाच्या प्रयोगशाळेपर्यंत नेते. भय घालविण्यास किती काळ लागतो हे त्याच घराण्याने मोजावे, यास योगायोग म्हणावे की अभिलेखागाराची थट्टा, हे ठरविणे कठीण आहे.

व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात कायोटींनी ४५ जणांवर हल्ले केले. जखमींत लहान मुलेही होती. वीस वर्षे सहजीवनाचा कार्यक्रम चालविणाऱ्या शहरात हे घडले. सुमारे ४०० हेक्टरांच्या या उद्यानात महामारीच्या काळात माणसांचा वावर बदलला होता आणि छायाचित्रे काढण्यासाठी काही लोक कायोटींना खाऊ घालीत असल्याचे सांगितले गेले. सप्टेंबरमध्ये उद्यान रात्री बंद ठेवून प्रांतिक सरकारने सापळे लावले. ३५ पर्यंत कायोटी मारण्याची तयारी होती. आधीचे धरून एकूण ११ मारले गेले. त्याच महिन्यात उद्यान मंडळाने वन्य प्राण्यांना खाऊ घालणाऱ्यास ५०० डॉलर दंडाची तरतूद मंजूर केली. नियमानुसार हा दंड त्या दिवसानंतर पकडल्या जाणाऱ्यांनाच लागू होता.